आभाळातला नकाशा आणि धुऱ्यावरची माती



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी माती परीक्षणाचे नमुने घेण्यासाठी गेलो होतो. काम आटोपून एका कास्तकाराच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकलो. घरचा कर्ता पन्नाशीचा, वावर अकरा एकर, सगळे पूर्णेच्या काठाचे काळेभोर. मुलगा अमरावतीला शिकून नुकताच गावी परतलेला. बोलता बोलता कर्त्याने विषय काढला.

"साहेब, पोट्टं म्हणते का मोबाईलनं सांगतलं, आपल्या वावरात संत्रा होते. जमिनीत पाणीबी हाय म्हणते. बोअर मारून घेऊ का? सोसायटीचं कर्ज भेटून रायलं."

मुलाने लगेच मोबाईल पुढे केला. त्यात त्याने एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारले होते की, अमरावती जिल्ह्यात काळ्या जमिनीत कोणती फळबाग लावावी? यंत्राने शुद्ध मराठीत, ठणठणीत उत्तर दिले होते. अमरावती जिल्हा संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे, जमीन काळी आहे, विंधन विहीर घेऊन ठिबकवर संत्रा लावावा, असे. शेजारी एक रंगीत नकाशाही होता. त्यात त्यांचे शिवार निळ्या रंगात, म्हणजे भूजल बरे आहे असे दाखवणारे.

मी काही बोलण्याच्या आधी आतून आजीबाई बाहेर आल्या. हातातले सूप खाली ठेवून म्हणाल्या, "त्या इहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाई बापा, साबनाले फेस येत नाई, अन् तुमी संत्रा लावता? लगन होऊन या घरात आली तवापासून पाहून रायली मी."

मंडळी, मी बी.एस्सी. कृषी झालो, शेतकी खात्यात केस पांढरे केले. पण त्या दिवशी त्या घरातले खरे भूगोलाचे ज्ञान आजीबाईंजवळ होते. यंत्राने जे सांगितले त्यातले एक एक वाक्य वेगळे काढून पाहिले तर खोटे नव्हते. अमरावती जिल्हा संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेच. पण तो संत्रा वरूड-मोर्शीचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. दर्यापूर त्याच जिल्ह्यात असले तरी ते खारपाण पट्ट्यात येते. जमीन काळी आहेच, आणि जमिनीखाली पाणीही आहे. पण ते पाणी खारे आहे. तीन खऱ्या गोष्टी एकत्र बांधून यंत्राने एक खोटा सल्ला तयार केला होता, आणि त्या सल्ल्यावर एका घराचे काही लाख रुपये आणि अकरा एकर जमीन लागणार होती.

म्हणून आज या सदरात खत, बियाणे, फवारणी बाजूला ठेवून नकाशाविषयी बोलू. आपल्या शिवाराचा भूगोल आता यंत्र लिहू लागले आहे. त्यात आपला फायदा कोणता आणि धोका कोणता, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

नकाशा पायी चालून होत असे

पूर्वी नकाशा कसा होत असे ते आधी पाहू. विल्यम लँबटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. अर्धा टन वजनाचे कोन मोजण्याचे यंत्र माणसांच्या खांद्यावरून डोंगरावर चढवीत, साखळ्यांनी जमीन मोजीत ही माणसे वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिली. १८२२ च्या सुमारास ते आपल्या वऱ्हाडात, एलिचपूरच्या बाजूला पोचले. त्यांच्या कागदात त्या ठिकाणाचे नाव 'टाकल खेरा' असे लिहिले आहे. पुढे नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लँबटन वारले. वय सत्तरीच्या घरात होते. त्यांची कबर हिंगणघाटलाच आहे. वऱ्हाडाजवळच्या मातीत देह ठेवला, तेव्हा कुठे त्या नकाशाची एक रेघ पुरी झाली.

पुढे वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८६० च्या दशकात शेतसाऱ्यासाठी गावोगाव मोजणी झाली. धुऱ्यावर दगड पुरले गेले. मोजणीदार वावरात आला म्हणजे पाटील, कोतवाल, शेजारचा कास्तकार असे सगळे हजर असत. "हा धुरा कोणाचा? हा नाला पावसाळ्यात कुठून फिरतो?" हे प्रश्न तोंडी विचारले जात. त्या नकाशातही चुका होत्या, आणि लबाड्याही झाल्या. परंतु चूक करणारा माणूस वावरात येऊन उभा राहत होता आणि त्याला अडवता येत होते.

आता नकाशा करणारा आपल्या वावरात पाय ठेवीत नाही. तो आभाळातून पाहतो. आपल्या देशाचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी आभाळात गेला. त्याच साली नागपूरला महाराष्ट्र राज्य दूरसंवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. तेव्हा उपग्रहाचे चित्र टेबलावर पसरून तज्ज्ञ मंडळी भिंगाने पाहत, आणि मग प्रत्यक्ष शिवारात येऊन ताडून घेत. आज चित्रे इतकी येतात की माणसाच्या डोळ्यांना ती पाहणे शक्य नाही. म्हणून ते काम यंत्राकडे गेले. या यंत्राच्या पाहण्यालाच भूगोलातली कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणायचे.

यंत्र शिकते म्हणजे काय होते?

आपल्याकडे जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरविणारा ग्रेडर असतो. त्याच्या हाताखाली एखादा पोरगा राहिला, तर ग्रेडर त्याला पुस्तक वाचायला देत नाही. हा ढीग पहिल्या प्रतीचा, हा दुसऱ्या, हा कवडी, असे रोज दाखवतो. हजार ढीग पाहिल्यावर पोरगा स्वतः सांगू लागतो. यंत्राचेही असेच आहे. ही सोयाबीन, ही कपाशी, हे पडीत, हे पाणी, अशी हजारो चित्रे त्याला दाखविली जातात. मग नवे चित्र आले की ते अंदाज करते.

आता लक्षात घ्या. ज्या पोराने फक्त खानदेशचा कापूस पाहिला, त्याच्यापुढे वेगळ्याच वाणाचा कापूस टाकला तर तो चुकेल की नाही? यंत्रही तसेच चुकते. त्याला ज्या मुलखातले नमुने दाखविले, त्या मुलखात ते हुशार. दुसरीकडे ते अंदाजाने ठोकते. आणि माणूस निदान "मला नक्की सांगता येत नाही" असे म्हणतो. यंत्राचा आवाज मात्र बरोबर असताना आणि चूक असतानाही सारखाच ठाम असतो.

फायदा खरा आहे

पण म्हणून मोबाईल फेकून द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. फायदा खरा आहे आणि तो नाकारणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे.

पहिला फायदा पावसाच्या अंदाजाचा. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर मान्सूनच्या आगमनाचे अंदाज पाठविले. हे अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने काढले होते आणि ते चार आठवडे आधीपर्यंतचे होते. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी, म्हणजे वेळेच्या बराच आधी केरळात आला. लोकांना वाटले, आता पेरते व्हा! पण मे अखेरीपासून त्याची पुढची चाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. हा खंड त्या अंदाजात आधी दिसला होता, असे मंत्रालयाने नंतर सांगितले. दुबार पेरणी ज्याने केली आहे त्यालाच या अंदाजाची किंमत कळेल. सोयाबीनच्या बियाण्याची एक बॅग वाचली तरी घरातल्या लेकराची फी निघते.

दुसरा फायदा ढगांच्या आड पाहण्याचा. साध्या उपग्रहाला ढगाखालचे दिसत नाही, आणि आपले खरीप तर सगळे ढगाखालीच जाते. रडारवाल्या उपग्रहाला ढग आडवे येत नाहीत. भारत आणि अमेरिका यांचा 'निसार' नावाचा असा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला. तो दर १२ दिवसांनी पृथ्वीची जमीन पाहून काढतो. जमिनीतली ओल, पुराचे पाणी किती वावरांत शिरले, हे अशा चित्रांवरून यंत्राला लवकर सांगता येते. अतिवृष्टीनंतर पंचनाम्यासाठी महिना-महिना वाट पाहणाऱ्या घराला हे किती उपयोगाचे आहे, ते सांगायला नको.

तिसरा फायदा, आता राज्यानेही हे काम अंगावर घेतले आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२९ मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. पैसा येत आहे, यंत्रे येत आहेत. ही यंत्रे वऱ्हाडची माती शिकून येतात की बाहेरचीच शिकवणी घेऊन येतात, एवढाच आता प्रश्न आहे.

आभाळातून दोन्ही जमिनी काळ्याच

आता आपल्या खारपाण पट्ट्याकडे वळू. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा पसरला आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर इकडच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको. गाळाचे जाड थर, निचरा नाही, आणि खालचे पाणी खारे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९०० हून अधिक गावे मुद्दाम वेगळी धरली होती, ती याच कारणासाठी.

जगात इतर ठिकाणी खारवट जमीन उपग्रहाला सहज सापडते. का? तर तिथे उन्हाळ्यात जमिनीवर मिठासारखा पांढरा थर येतो. आभाळातून तो चमकतो. यंत्राला शिकविले आहे, पांढरे दिसले की खार समजावा. पण आपल्या पूर्णाकाठी बहुतेक ठिकाणी असा पांढरा थर वर येतच नाही. सोडियम असतो तो मातीच्या कणांना चिकटून, आणि खार असतो तो खालच्या पाण्यात. वरून पाहिले तर वाशीमच्या बाजूची चांगली काळी कसदार जमीन आणि आमची पाणी न पिणारी जमीन या दोन्ही सारख्याच काळ्या. यंत्र म्हणते, उत्तम कापसाची काळी जमीन. कास्तकार म्हणतो, ओलित केले की दगड होते.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. पुस्तकात सर्वसाधारण दंडक असा की, मातीतल्या विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेले म्हणजे ती जमीन चोपण धरावी. पण पूर्णाकाठच्या फुगणाऱ्या, भेगा पडणाऱ्या मातीचा अभ्यास आपल्याच विदर्भातल्या मृदा शास्त्रज्ञांनी केला तेव्हा दिसले की, इथे पाच टक्क्यांच्या आसपासच निचरा बिघडतो आणि उत्पन्न घटू लागते. म्हणजे बाहेरच्या दंडकाने जी जमीन निरोगी, ती इथे आजारी असते. बाहेरचा दंडक पढवलेले यंत्र या जमिनीला हिरवा रंग देईल. त्यात यंत्राची लबाडी नाही. आमची माती त्याला कोणी शिकविलीच नाही.

इथे मला माझीही एक चूक कबूल करायची आहे. १९९६ साली मी नोकरीत नवा होतो. अकोट तालुक्यातल्या एका कास्तकाराला मी छापील तक्त्याच्या आधारे विहिरीच्या पाण्यावर गहू घ्या, असे सांगितले. पाणी तपासून घेतले नाही. पहिल्या वर्षी गहू बरा आला. दुसऱ्या वर्षी पाणी वर साचू लागले, तिसऱ्या वर्षी वखर लागेना. त्या भल्या माणसाने मला वावरात नेऊन ढेकूळ हातात दिले आणि म्हणाला, "फोडून पाहा साहेब." ते फुटले नाही. ती जमीन पुन्हा ताळ्यावर आणायला ढेंच्याचे हिरवळीचे खत, जिप्सम, चर आणि कित्येक पावसाळे लागले.

मी चुकलो, तसेच यंत्रही चुकेल. फरक एवढाच की, तो कास्तकार माझ्या दारी येऊ शकला. मला वावरात नेऊ शकला. माझ्या हातात ढेकूळ ठेवू शकला. आभाळातला नकाशा चुकला तर ढेकूळ कोणाच्या हातात ठेवायचे? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय नुसत्या नकाशावर कर्ज काढू नये, विहीर खोदू नये आणि कोणी खोदायला लावू नये.

एक चौकट म्हणजे एक आर

यंत्राला आपले वावर किती बारीक दिसते, हेही माहीत असावे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे जगभर फुकट मिळतात आणि पिकांच्या नकाशासाठी पुष्कळ वापरली जातात. त्यांच्या चित्रातली सर्वात लहान चौकट १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे १०० चौरस मीटर. आपल्या सातबाऱ्यावर 'हेक्टर-आर' लिहिलेले असते ना, त्यातला बरोबर एक आर! एक एकर वावर म्हणजे अशा साधारण चाळीस चौकटी झाल्या.

आता एका चौकटीत कपाशीच्या आठ-दहा ओळी येतात. त्यातच एक-दोन ओळी तुरीच्या. धुऱ्यावर बोर, निंब, मधेच मुगाचा पाटा. एवढे सगळे मिळून त्या चौकटीला एकच रंग येतो. यंत्र म्हणते कपाशी. मग तुरीचे काय? सलग एकाच पिकाच्या मोठ्या शेतांवर शिकलेले यंत्र आपल्या पाच एकरांतल्या मिश्र पिकापुढे गोंधळते. आणि वऱ्हाडातला लहान कास्तकार तर तुरीच्या भरवशावरच कपाशीचा तोटा सोसतो.

पावसाचे तसेच. जुनी माणसे म्हणतात, पाऊस असा पडतो की बैलाचे एक शिंग ओले आणि दुसरे कोरडे. स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एक. मंडळात पंधरा-वीस गावे. केंद्राजवळ पाऊस झाला आणि तुमच्या शिवारात झाला नाही, तरी यंत्राच्या लेखी तुम्ही ओलेच.

हे सांगण्याचे कारण पीक विमा. २०२३ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत उत्पन्नाचा अंदाज ठरविताना उपग्रह आणि यंत्राच्या अंदाजालाही वजन देण्यास सुरुवात झाली. भात आणि गहू या पिकांना आरंभी किमान ३० टक्के वजन ठरले, पुढे सोयाबीनही या पद्धतीत आले. पीक कापणी प्रयोगात हात मारण्याच्या तक्रारी होतच होत्या, त्यामुळे निःपक्ष यंत्र असणे वाईट नाही. पण जे यंत्र निर्णय देते, ते कोणत्या नमुन्यांवर शिकले आणि त्याच्या निकालाविरुद्ध दाद कुठे मागायची, हे साध्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. ही मागणी करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

चित्र आहे म्हणून खरे आहे, असे नाही

आणखी एक सावधगिरी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये एक प्रयोग केला. टॅकोमा नावाच्या शहराची उपग्रह-चित्रे त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतली. त्यात रस्ते टॅकोमाचे, पण इमारती-झाडांची ठेवण सिअ‍ॅटल आणि बीजिंगसारखी. पाहणाऱ्याला वाटावे, उपग्रहानेच काढलेले चित्र! असे खोटे नकाशे ओळखता यावेत म्हणूनच त्यांनी तो प्रयोग केला होता.

आपल्या गावात याचा काय संबंध, असे म्हणू नका. उद्या बोअरच्या गाडीबरोबर एखादा दलाल येईल, मोबाईलवर निळाशार नकाशा दाखवील आणि म्हणेल, "उपग्रहानं सांगितलं, इथं दोनशे फुटावर गोडं पाणी." उद्या कोणी जमीन घेणारा तुमचे वावर नापीक असल्याचा लाल नकाशा दाखवून भाव पाडील. नकाशा रंगीत आहे, त्यावर इंग्रजी अक्षरे आहेत, म्हणून तो खरा होत नाही. कोणत्या खात्याचा, कोणत्या तारखेचा, हे विचारा. आणि कोणत्याही अ‍ॅपला आपला शेतकरी ओळख क्रमांक, आधार, मोबाईलवर आलेला ओटीपी सहज देऊ नका. तुमच्या वावराची माहिती ही तुमच्या तिजोरीची किल्ली आहे.

मग करावे काय?

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत आणि बहुतेक फुकट आहेत.

यंत्राला प्रश्न विचारताना नुसता जिल्हा सांगू नका. तालुका, गाव, खारपाण आहे की भरडाची जमीन, विहिरीचे पाणी गोड की खारे, हे सगळे सांगा. अर्धवट विचारले तर अर्धवटच उत्तर येईल. त्या मुलाला मी ओसरीवरच पुन्हा विचारायला लावले. गाव, खारपाण पट्टा, खारे पाणी हे सांगून विचारल्यावर त्याच यंत्राने संत्र्याचा सल्ला मागे घेतला आणि आधी पाणी तपासा असे सांगितले. म्हणजे यंत्र आजीबाईंचे ऐकायला तयार होते, पण आजीबाईंचे म्हणणे कोणीतरी त्याच्या कानावर घालायला हवे होते.

विहीर, बोअर, फळबाग यांचा निर्णय माती आणि पाणी तपासल्याशिवाय घेऊ नका. पाण्याची विद्युत वाहकता २.२५ च्या पुढे गेली तर ते ओलितास फार धोक्याचे. क्षार कमी असले तरी सोडियमचा भाग जास्त असेल तर तेही जमीन बिघडवते, म्हणून दोन्ही आकडे मागून घ्या. नमुना स्वच्छ बाटलीत, पंप थोडा वेळ चालवून मग घ्यावा. माती परीक्षणाचा कागद देव्हाऱ्यामागे न ठेवता सातबाऱ्याबरोबर ठेवा.

ई-पीक पाहणी स्वतः करा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ही सोय आहे. दुसऱ्याच्या हातून, घरबसल्या, मागच्या वर्षीचेच पीक टाकून मोकळे होऊ नका. कपाशीत तूर असेल तर मिश्र पीक म्हणूनच नोंदवा. तुम्ही केलेली खरी नोंद हाच यंत्राचा धडा आहे. शंभर जणांनी खोटे पीक लिहिले तर यंत्र खोटेच शिकेल आणि पुढच्या वर्षी त्याचा फटका खरे लिहिणाऱ्यालाही बसेल.

घरात एक वही ठेवा. पेरणीची तारीख, पाऊस कोणत्या दिवशी किती झाला, पाणी किती दिवस साचले, उतारा किती आला, हे तिच्यात लिहा. हे काम घरातल्या शाळकरी मुलीला द्या, ती ते नेटके करील. नुकसान झाले की त्याच दिवशी धुऱ्यावर उभे राहून, ओळखीची खूण दिसेल असा फोटो काढा. यंत्राचा आकडा एकीकडे आणि तुमची वही दुसरीकडे, असे असले म्हणजे भांडायला बळ येते. नुसत्या तोंडी तक्रारीला कचेरीत कोणी विचारीत नाही.

पावसाचा अंदाज जरूर पाहा. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन नीट भिजल्याशिवाय पेरू नका. अंदाज मोबाईलवर येतो, पण ओल किती गेली ते वावरात खुरप्यानेच पाहावे लागते.

आणि शेवटचे सांगणे आमच्या खात्याला आणि विद्यापीठाला. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून या मातीवर काम करीत आहे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. पूर्णाकाठच्या मातीचे आकडे, विहिरींच्या पाण्याचे आकडे, ढेंच्याचे आणि शेततळ्याचे अनुभव या मंडळींजवळ आहेत. ते फायलीत न ठेवता यंत्राच्या शिकवणीत घालावेत. आमच्या मुलखाचा धडा आम्हीच दिला नाही, तर यंत्र दुसऱ्या मुलखाचा धडा आमच्यावर चालवील.

त्या दर्यापूरच्या घरी पुढे काय झाले, हे विचारायचे राहिले असेल. शेजारच्या बोअरच्या पाण्याचा नमुना तपासला. विद्युत वाहकता मर्यादेच्या बरीच पुढे निघाली. कर्जाचा अर्ज मागे घेतला. त्याऐवजी त्यांनी वावराच्या उताराला शेततळे घेतले. आपल्या चिकण मातीतून पाणी मुरत नाही, हा दोष तळ्यासाठी गुण ठरतो. मात्र तळे उथळ ठेवावे, खालच्या खाऱ्या पाण्याशी सोयरीक करू नये. पावसाचे गोडे पाणी साठवून कपाशी-तुरीला एक-दोन संरक्षित पाणी द्यायचे, एवढाच बेत आहे. आणि तळ्याची जागा कुठे धरावी, यासाठी मुलाने मोबाईलवरचा उताराचा नकाशा वापरला. तो उतार बरोबर निघाला. पण त्या आधी आजीबाई त्याच्याबरोबर वावरात गेल्या आणि पावसाळ्यात पाणी कुठून वाहते ते काठीने दाखवून आल्या.

नकाशा आणि काठी दोन्ही एका जागी आले, तेव्हाच त्यांनी तिथे कुदळ मारली. तुम्हीही तसेच करा. आभाळातला नकाशा पाहून घ्या, आणि मग धुऱ्यावर जाऊन मातीला विचारा.